सासऱ्यांचा गळका व्हॉल्व्ह

आधी चहा संपवा बरं. हा किस्सा भरल्या कपावर सांगितला की ऐकणाऱ्याला ठसका लागतो, असा माझा अनुभव आहे. आणि एक आत्ताच सांगून ठेवतो. यात शेवटी शहाणा कोणीही निघो, मी निघत नाही!

तुम्हाला ठाऊकच आहे, मी बारामतीच्या एमआयडीसीत व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात टेस्टिंगला आहे. म्हणजे करतो काय, तर तयार झालेला व्हॉल्व्ह बाकावर आवळायचा, आत दाबानं पाणी भरायचं आणि त्याच्याकडं टक लावून बघत बसायचं. थेंब आला तर नापास, नाही आला तर पास. दिवसभर हेच. लोक सूर्योदय बघायला डोंगरावर जातात, मी थेंब न येण्याची वाट बघत पगार घेतो.

त्यामुळं झालंय काय, थेंब माझा वैरी होऊन बसलाय. हॉटेलात बेसिनचा नळ टपकत असला तर माझं जेवणावरचं लक्ष उडतं. एका मित्राच्या साखरपुड्याच्या फोटोत मी कुठंच नाही, कारण तेव्हा मी मांडवामागं टाकीचा कॉक आवळत होतो. माझी बायको वैशाली म्हणते, "उद्या मी रडायला लागले तर तुम्ही डोळे पुसायच्या आधी वायसर बदलाल."

आता थोडं शिकवतो. कंटाळू नका, कारण त्याशिवाय माझा मूर्खपणा किती वरच्या प्रतीचा होता ते तुम्हाला कळायचं नाही.

व्हॉल्व्ह म्हणजे पाण्याच्या वाटेवरचं दार. त्यातला गेट व्हॉल्व्ह सगळ्यात साधा. आत लोखंडी पाचर असते, वरचं चाक फिरवलं की ती सरकत खाली बसते आणि पाणी बंद. उलटं फिरवलं की वर. कालव्याचं दार बघितलंय ना, तसंच. बॉल व्हॉल्व्हमध्ये आरपार भोक पाडलेला गोळा असतो. दांडी पाव वळण फिरवली की चालू, परत फिरवली की बंद, मधलं काही नाही. आणि एनआरव्ही म्हणजे एकदा पुढं गेलेलं पाणी माघारी येऊ न देणारा. शेजाऱ्याला दिलेला विळा जसा परत येत नाही, तसं.

गळण्याच्याही दोन जाती. चाकाचा दांडा जिथून बाहेर येतो, तिथून गळलं तर ते चारचौघांना दिसतं. पण कधी कधी व्हॉल्व्ह बाहेरून कोरडा ठणठणीत असतो, बंदही असतो, आणि आतल्या आत पाणी गुपचूप पुढं सरकत असतं. याला आमच्याकडं 'पासिंग' म्हणतात. आणि टेस्टिंगला लागलेल्या माणसाला पहिल्या दिवशी एकच शिकवतात. बाबा रे, व्हॉल्व्ह पास करतोय असं म्हणण्याआधी तो खरंच बंद आहे का, ते स्वतःच्या हातानं बघ.

झालं शिकवून. आता चला सासुरवाडीला.

माझी सासुरवाडी इंदापूर तालुक्यात, कळंबला. सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणतं, मी मामा म्हणतो. माणूस देवासारखा, पण बोलणं इतकं कमी की फोनवर "बरं" म्हणाले की आम्ही समजायचं, आज स्वारी खुशीत आहे. त्यांचे धाकटे भाऊ तात्या. दोघांची शेतं बांधाला बांध लावून, विहीर आबांच्या बाजूला पण सामाईक. विहिरीवरून पाइप येतो तो बांधावरच्या एका चेंबरपर्यंत, आणि तिथून एक फाटा आबांच्या उसाला, एक तात्यांकडं. तात्यांच्या फाट्यावर एक जुना बिडाचा गेट व्हॉल्व्ह.

तर हे दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. आणि त्याला कारण माझं लग्न!

म्हणजे कारण फेटा. माझ्या कारखान्यातली मित्रमंडळी सांगितल्यापेक्षा जास्त आली, आणि प्रत्येकाला फोटोसाठी फेटा हवा होता. बांधणाऱ्यानं बांधले. नवरीच्या सख्ख्या चुलत्याची पाळी आली तेव्हा फेटे संपले. तात्या भर मांडवात उघड्या डोक्यानं उभे. आपल्याकडं माणूस लग्नातून उपाशी गेला तर एक वेळ विसरेल, पण मानाच्या फेट्यावाचून गेला तर विसरत नाही. पुढं विहिरीवर कसल्याशा कारणानं शब्दाला शब्द लागला आणि तात्या म्हणाले, तुझ्या हिरीचं पाणीसुदीक नगं मला. त्यांनी स्वतःचं बोअर मारलं. आबांनी व्हॉल्व्ह बंद केला, कुणी हात लावू नये म्हणून त्याचं चाक काढून घरात खुंटीला अडकवलं. विषय संपला. तात्यांच्या बोअरला एक उन्हाळा पाणी लागलं, पुढच्या उन्हाळ्यात नुसती हवा.

मग सुरू झाली सासूबाईंची, म्हणजे मामींची, तक्रार. दर फोनला एकच, की बांधावरचा वॉल गळतोय. बंद करूनसुद्धा पाणी तात्यांच्या हौदात जातंय. तुमच्या मामांना सांगून सांगून माझं तोंड दुखलं. उन्हाळ्यात तर मेला जास्तच गळतोय. वैशालीला त्यांनी हे सांगावं यात काही नाही, पण त्या मला सांगायच्या. सोनाराच्या पुढ्यात काळा पडलेला दागिना ठेवल्यावर त्याचे हात गप्प बसतील का?

संक्रांतीला गेलो तेव्हा मी बांधावर जाऊन बघून आलो. मोटार चालू होती. व्हॉल्व्हच्या पुढच्या पाइपला काठीचं एक टोक लावलं, दुसरं कानाला. ही आमची जुनी पद्धत, आतलं पाणी ऐकू येतं. सूं सूं आवाज येत होता. पक्कं पासिंग!

मी मामांना विचारलं, "व्हॉल्व्ह पूर्ण बंद आहे ना?"

मामा म्हणाले, "गच्च."

आता सांगा, नवा जावई काय करेल? चाक घेऊन तपासायला जाईल? सासऱ्यानं गच्च म्हटलं की गच्च. पहिल्या दिवशीचा तो धडा मी तिथंच बांधावर सोडला आणि मनाशी ठरवलं, की पुढच्या वेळी येताना मामांना असा व्हॉल्व्ह आणून देईन की सात पिढ्या नाव काढतील.

ती पुढची वेळ म्हणजे यंदाचा अधिक महिना. लग्नानंतरचा पहिलाच अधिक, त्यामुळं धोंड्याच्या जेवणाचं बोलावणं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याला ओवाळतात, कपडे करतात, पुरणाचे धोंडे तुपात बुडवून खाऊ घालतात आणि अनारसे बांधून देतात. त्यानं फक्त पाटावर बसायचं असतं. एवढं सोपं काम दिलं होतं मला. तेवढंही जमलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही कळंबला पोचलो. चहा झाल्याबरोबर मी गाडीच्या डिकीतून गोणपाटात गुंडाळलेला नवाकोरा बॉल व्हॉल्व्ह काढला आणि मामांच्या समोर ठेवला. कारखान्यातून सवलतीत घेतलेला, स्वतःच्या हातानं तपासलेला.

"मामा, हा तुमच्या बांधावर. एकदा बंद केला की थेंब येणार नाही."

मामांनी व्हॉल्व्हकडं बघितलं, मग माझ्याकडं. "थेंब बी न्हाय?"

"थेंबसुद्धा नाही."

"थोडाबी न्हाय पाझरत?"

"मामा, हवासुद्धा जायची नाही."

मामांचे डोळे पाणावल्यासारखे दिसले. मी वैशालीच्या कानात म्हटलं, बघ, भरून आलं त्यांना. ती म्हणाली, काहीतरी वेगळंच वाटतंय. मी म्हटलं, पुरुषाचं मन पुरुषालाच कळतं.

शनिवारी सकाळी पाने-बिने घेऊन निघालो, तर मामा दारात. म्हणाले, आज शनिवार, शनिवारी लोखंड आणत नाहीत. मी म्हटलं, आणलंय कालच, हे शुक्रवारचं लोखंड आहे. मग म्हणाले, लाइट न्हाय. मी म्हटलं, उत्तमच, पाइप रिकामा असला की काम सोपं. मग म्हणाले, ऊन लई हाय. मी टोपी घातली. शेवटी म्हणाले, धोंड्याच्या दिवशी जावयानं हत्यार धरू नये. यावर मामी आतून म्हणाल्या, की असं काही नसतं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझं ऐकतंय, त्यांना जाऊ द्या.

एरवी महिन्यात एवढे शब्द न बोलणारा माणूस सकाळी सकाळी चार वाक्यं बोलला, आणि मला वाटलं, जावयाला त्रास नको म्हणून जीव तुटतोय बिचाऱ्यांचा.

जुना व्हॉल्व्ह काढताना मामा शेजारी उभे होते. मी पाना मागितला की ते हातोडी द्यायचे. नट मागितला की तो नेमका गवतात पडायचा. म्हातारपणानं हात थरथरतात म्हणून मला कळवळा आला. नवा व्हॉल्व्ह बसवला, पॅकिंग घातलं, बोल्ट समोरासमोरचे आवळत आणले. लाइट आल्यावर मोटार चालू केली, दांडी आडवी करून व्हॉल्व्ह बंद केला आणि काठी कानाला लावली. पलीकडं पाताळासारखी शांतता. मी काठी मामांच्या कानाला लावली.

"काय ऐकू येतंय?"

"कायबी न्हाय," मामा म्हणाले, आणि ऊस बघायचा म्हणून निघून गेले.

दुपारी मला पाटावर बसवलं, ओवाळलं. धोंड्यांवर तुपाची धार पडत होती. मी हाणून जेवलो. मामांनी मात्र एक धोंडा तसाच बाजूला सारला आणि उठले. मामी म्हणाल्या, उन्हाचा त्रास.

रविवारी सकाळी मी मिशीला ताव देत बांधावर गेलो. नवा व्हॉल्व्ह कोरडा. पलीकडं तात्यांचा हौदही कोरडा, तळाला शेवाळ सुकायला लागलेलं. तात्यांची बायको, म्हणजे काकी, गावातल्या नळावरून डोक्यावर हंडा घेऊन येत होत्या. एक हंडा म्हशीपुढं ठेवला आणि मग दुसऱ्या खेपेचा हंडा घेऊन पेरूच्या कोवळ्या रोपांना तांब्या तांब्यानं घालत राहिल्या. गेल्याच वर्षी लावलेली रोपं, गुडघ्याएवढी. मला बघून म्हणाल्या, "जेवलासा का पाव्हणं पोटभर?"

मी हो म्हणालो. वाईट वाटलं हो, का नाही वाटणार? पण मी म्हणजे टेस्टिंगवाला. मनात म्हटलं, वाईट वाटणं वेगळं आणि पासिंग वेगळं.

दुपारी सगळे लवंडल्यावर मला स्वस्थ बसवेना. जुना व्हॉल्व्ह ओट्यावर घेतला, उघडला. पाचर झिजली असेल, ती टेकते ते बूड खड्ड्यांनी भरलं असेल, ते मामांना दाखवू आणि शाबासकी घेऊ. उघडून बघतो तर काय, आत सगळं गुळगुळीत! पाचर जागेवर चपखल बसते. खुंटीवरचं चाक लावून बंद केला, एका तोंडात पाणी भरून उभा ठेवला. चहा पिऊन आलो तरी खाली टिपूस नाही.

इथं शहाण्या माणसानं काय ओळखावं? की व्हॉल्व्ह गळत नव्हता, उघडा होता. तेवढं मी ओळखलं. पण पुढचा प्रश्न, उघडा ठेवला कुणी? चाक तर मामांच्या घरात. म्हणजे कुणीतरी पान्यानं दांडा फिरवत होतं. आणि पाणी कुणाच्या हौदात जात होतं? दोन अधिक दोन चार! असा हिशोब मी शाळेतसुद्धा एवढ्या वेगानं केला नव्हता.

संध्याकाळी मामा पडूनच होते, म्हणून दुधाचं कॅन घेऊन संकलन केंद्रावर मी गेलो. गावात जावई दुधाच्या रांगेत उभा राहिला की गंमतच असते. कुणीतरी विचारलं, पाव्हणं, वॉल बदलला म्हणं आबांचा? एवढं पुरे होतं. मी सुरू झालो. गेट काय, बॉल काय, पासिंग म्हणजे काय, काठी कानाला कशी लावायची, सगळं. माणसं कौतुकानं ऐकत होती. मग मी आवाज जरा खाली आणला, महत्त्वाचं बोलताना साहेब लोक आणतात तसा.

"व्हॉल्व्हमध्ये दोष नव्हता. दोष माणसात होता. कुणीतरी चोरून उघडत होतं. आता पाणी कुणाच्या रानात जात होतं, ते मी बाहेरच्या माणसानं काय सांगायचं?"

सगळे आपापल्या कॅनकडं बघायला लागले. माझ्या पुढचा माणूस विनाकारण खोकला. मला वाटलं, बोलण्याचा परिणाम झाला. तो झालाच होता, कारण माझ्या मागं रांगेत तात्या उभे होते.

माझ्यानंतर त्यांनी दूध मापून दिलं, रिकामं कॅन उचललं. माझ्याजवळून जाताना थांबले आणि म्हणाले, "पाव्हणं, गाडी सावकास न्या. खडी टाकलीया रस्त्यावर."

बास. एवढंच. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

घरी येऊन वैशालीला सांगितलं. माझं बोलणं पुरं व्हायच्या आत तिचे डोळे भरले. म्हणाली, "त्या माणसानं मला खांद्यावर बसवून शाळेत नेलंय. तुम्ही त्याला चारचौघांत चोर म्हणालात?" आणि ती चपला घालून तात्यांच्या घरी निघाली. निघाली आणि थांबली, कारण अंगणात तात्याच आले होते.

दिवेलागणीची वेळ. मामा खाटेवर उठून बसले. मामी स्वयंपाकघराच्या दारात. तात्या ओट्यावर चढले नाहीत, खालीच उभे राहिले.

"दादा," ते म्हणाले. माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा त्या घरानं हा शब्द ऐकला. "तुझं जावई डेरीवर म्हणलं, मी वॉल उघडून पाणी चोरतो. गाव ऐकत व्हतं. मला दुसऱ्या कुणाचं काय न्हाय. तू सांग, मी कवा हात लावलाय का त्याला?"

मामा जमिनीकडं बघत होते. मला वाटलं, आता हे नाही म्हणतील, मग मी माफी मागेन, आणि मिटेल.

"न्हाय लावलास," मामा म्हणाले. "मीच ठिवत व्हतो उघडा."

मामी म्हणाल्या, "तुमी? आन् मला गळतोय म्हणून सांगत व्हता?"

"मग काय सांगू? दिलं असतं तर घेतलं असतं का त्यानं? पेरू वाळून गेलं असतं सगळं." आणि मग अगदी हळू म्हणाले, "गळल्यालं पाणी घ्यायला मान आडवा येत न्हाय."

मी भिंतीला टेकलो. म्हणजे मी ज्या थेंबांचा बंदोबस्त करायला बारामतीहून व्हॉल्व्ह आणला, ते थेंब एक भाऊ दुसऱ्या भावाला देत होता. जगात कुणाला कळू नये म्हणून स्वतःच्या बायकोशीही खोटं बोलून! आणि मी ते बंद केले, वर काठी त्यांच्याच कानाला लावून विचारलं, काय ऐकू येतंय?

तात्या म्हणाले, "म्हाईत हाय मला."

"काय म्हाईत हाय?"

"येडा हाय का मी दादा? थंडीत कमी गळतोय आन् उन्हाळ्यात जास्त गळतोय, आसला वॉल असतोय व्हय कुठं? म्हस याली त्या आठवड्यात तर हौद भरून वाहत व्हता."

सांगायला लाज नाही, मला रडू आलं. मामींनी ही गोष्ट मला फोनवर सांगितली होती, माझ्या, टेस्टिंगवाल्याच्या, कानात! उन्हानं पाचर झिजत नाही की पावसानं भरून येत नाही. म्हशीच्या बाळंतपणाची खबर बिडाच्या व्हॉल्व्हला लागत नाही. तात्यांनी ते ओळखलं, कारण त्यांना आपला भाऊ ठाऊक होता. मला फक्त व्हॉल्व्ह ठाऊक होता.

मामांनी विचारलं, "मग बोलला का न्हाईस?"

"बोललो असतो तर तू लाजून बंद केला असतास. आन् मला बी नगं म्हणाय लागलं असतं. चाललं व्हतं त्ये बरं चाललं व्हतं." तात्या माझ्याकडं वळले. "पाव्हण्यांचा पाना आडवा आला."

मी अंगणात उतरलो आणि त्यांचे पाय धरले. धरलेच आहेत तर सगळंच ओकून टाकू म्हणून म्हटलं, तात्या, लग्नातले फेटेसुद्धा माझ्याच मित्रांनी संपवले, मामांची काही चूक नाही. तात्या म्हणाले, तेबी म्हाईत हाय, फोटोत दिसतंय की. कारखान्यातल्या शिपायाच्या डोक्यावरबी हाय.

"मग तुम्ही मामांवर का रागावलात?"

तात्यांनी मामांकडं बघितलं. लहान मुलानं बघावं तसं बघितलं. "त्यानं सोताचा काढून द्यायचा व्हता मला."

"काढला व्हता," मामा म्हणाले. "हातात घेऊन आलो व्हतो भाईर. तू तवर गाडीला किक मारलीस."

मामींनी डोळ्याला पदर लावला, नाक ओढलं आणि म्हणाल्या, भावजी, वर या, काल ह्यांनी धोंड्याला हात लावला नाही, आता दोघं बसा. वैशाली पळत जाऊन काकींना घेऊन आली. दोघे भाऊ एका ओळीत जेवायला बसले. नारायणाला त्या दिवशी पाट मिळाला नाही. मी वाढत होतो.

तुम्हाला वाटेल, संपला किस्सा. तर नाही.

सोमवारी सकाळी मी नवा व्हॉल्व्ह उघडायला बांधावर गेलो. दांडी सरळ केली की भरपूर पाणी, आता लपवायचं काय? तात्या म्हणाले, एवढं नगं, लई पाण्यानं पेरूची मुळं कुजत्यात. हाय तेवढंच बरं व्हतं. मी म्हटलं, हा अर्धा ठेवता येत नाही, आतलं खराब होतं. मामा म्हणाले, "मग जुनाच बसवा."

बसवला. गेट व्हॉल्व्हसुद्धा असा जरासा उघडा ठेवायचा नसतो, पाचर थरथरते, झिजते, हे माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं. आणि ते दोघं माझ्या डोक्यावर उभे राहून मला शिकवत होते! एक म्हणे डावा बोल्ट आधी आवळा, दुसरा म्हणे उजवा. एक म्हणे पाव्हण्यांना पाना धरता येत न्हाय, दुसरा म्हणे शहरात आसंच धरत्यात. इतका काळ न बोललेले भाऊ, आणि आता गप्प बसायचं नाव नाही. शेवटी मामांनी चाक फिरवलं, तात्यांनी पलीकडून हौदाकडं बघत हात केला, आनी थोडं, आनी थोडं, बास. पाण्याची बारीक धार पडायला लागली. चाक आता खुंटीवर नसतं, व्हॉल्व्हवरच असतं. दोघांपैकी जो जवळ असेल तो फिरवतो.

माझा नवाकोरा बॉल व्हॉल्व्ह मामी दुधाच्या पातेल्यावरच्या झाकणावर ठेवतात. मांजराला सरकवता येत नाही म्हणतात. थेंबसुद्धा जात नाही, ते खरंच आहे.

आता रोज संध्याकाळी दोघे भाऊ विहिरीपाशी बसलेले असतात, असं मामी सांगतात. हे मामा, बरं का, फोनवर "बरं" म्हणणारे! परवा वैशालीनं आईला फोन लावला, मी शेजारीच होतो, स्पीकर चालू. मागून दोन म्हाताऱ्यांच्या हसण्याचा आवाज येत होता, अगदी पोट धरून हसावं तसा. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

वैशालीनं विचारलं, "आई, रोज एवढं काय बोलतात गं हे दोघं?"

मामी हळूच म्हणाल्या, "पाव्हणं हायती का गं जवळ?"

"आहेत की."

"मग ऱ्हाऊ दे. ते कामावर गेलं की फोन कर, सांगते."